‘होय’वर खूण

मी मूळची मिरजेची. वडील एसटीच्या वर्कशॉपात, आम्ही चार बहिणी, आणि चौघींनीही मार खाल्लेला, मी जास्त, कारण मी उलटून बोलायची. आईच्या हातात जे असेल ते बसायचं, उलथनं म्हणू नका, फणी म्हणू नका, आणि अर्ध्या तासाने तीच आई जवळ घेऊन हातावर गूळ ठेवायची. आमच्यात त्याला मारणं कुणी म्हणायचंच नाही, वळण लावणं म्हणायचे. तुम्ही म्हणाल बाई आधीच कारणं द्यायला लागली. कारण नाही हो ते, होतं तसं सांगते.

लग्न झालं, पुण्यात आले, हे सॉफ्टवेअरमध्ये, मग यांच्या नोकरीपायी इकडे ऑकलंडला. ईशान, म्हणजे माझा मुलगा, तेव्हा तीन वर्षांचा. मी बी.कॉम., पण इथे कोण विचारतंय, वृद्धाश्रमात लागले, म्हाताऱ्यांना अंघोळी घालायच्या, भरवायचं, कपडे बदलायचे. आवडायचं मला ते, खरंच आवडायचं. गोऱ्या म्हाताऱ्या माझा हात धरून बसायच्या, सोडायच्या नाहीत.

ईशान आठ वर्षांचा असताना हे सासूबाईंच्या आजारपणाला म्हणून पुण्याला गेले, दोन महिने झाले तरी परतायचं नाव नाही. मी एकटी, नोकरी, पोर, सगळं. संध्याकाळी पोळ्या लाटत होते, त्याला म्हटलं टीव्ही बंद कर, जेवायला बस, तीनदा म्हटलं. तर मला म्हणतो, यू आर नॉट द बॉस ऑफ मी. मराठीत म्हणाला असता तर कदाचित हसले असते, पण ते इंग्लिशमध्ये ऐकलं आणि अशी तिडीक गेली ना डोक्यात! लाटणं हातातच होतं. दंडावर घातलं.

सकाळी वळ उठलेला, काळानिळा. मग मी काय केलं, लांब बाह्यांचा शर्ट घातला त्याला, आणि शिकवून ठेवलं, कुणी विचारलं तर ट्रॅम्पोलिनवरून पडलो म्हणायचं. त्या दिवशी शाळेत पोहणं होतं, टॉग्जची, म्हणजे पोहायच्या कपड्यांची पिशवी मीच भरलेली, माझ्याच हाताने, आणि डोक्यात उजेड पडू नये! बाईंनी दंड बघितला, ईशान बिचारा म्हणाला ट्रॅम्पोलिन. कुणाच्या घरची विचारलं, तर म्हणाला आमच्या घरची. आम्ही राहायचो दुसऱ्या मजल्यावर, तिथे कुठली ट्रॅम्पोलिन मावणार. दुपारी पोलीस दारात.

कोर्टात मी कबूल केलं. तुरुंग नाही, पण गुन्हा नोंदला गेला, वर्षभर देखरेख. हे धावत परत आले, ते पोराला जवळ घ्यायच्या आधी मलाच म्हणाले, चार लोकांत माझं नाक कापलंस. ईशान यांच्याजवळ राहिला, मी ओटाहुहूला एका खोलीत आले, सहा महिन्यांसाठी म्हणून आले, ती अजून ओटाहुहूतच आहे. हे पुढे त्याला घेऊन लांब अप्पर हट नावाच्या गावी गेले, तिकडेच तो वाढला. सुट्टीत यायचा, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर, परत जायचा. दोन वाट्या घ्यायची सवय माझी फार उशिरा गेली.

त्या वर्षात अरोहा यायची माझ्याकडे, सोशल वर्कर, माओरी बाई, माझ्याच वयाची. किया ओरा म्हणून नमस्कार करायची आणि न सांगता चपला दाराशी काढायची. तोवर जो तो मला विचारायचा, आता तुझं कसं होणार, आईवडिलांना कळलं का, व्हिसाचं काय. ही पहिल्याच दिवशी म्हणाली, तो घाबरला होता का गं? तोवर मी माझ्यासाठीच रडत होते, त्या दिवशी त्याच्यासाठी रडले. आणि मनात आलं, हे काम आपल्यालाही यायला हवं. वृद्धाश्रम सांभाळून वयाच्या पंचेचाळिशीत कॉलेजात गेले, पोरंपोरी मला मॅम म्हणायची, पण झाले पास. आता म्हाताऱ्यांसाठीच सोशल वर्कर व्हायचंय, त्यासाठी नोंदणी लागते, नोंदणीशिवाय ते पद मिळत नाही.

तर फॉर्मवर प्रश्न आहे, कधी गुन्हा सिद्ध झालाय का. सँडरिंगहॅमला मिठाईच्या दुकानात नीलिमाताई भेटल्या, फार्मासिस्ट आहेत, पुण्याच्याच, त्यांना मी बोलून गेले. तर म्हणतात, अगं वेडी का काय तू, चौदा वर्षं झाली, कोण उकरून काढतंय, आपण होऊन पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा? म्हटलं, सगळं खरं लिहिलंय अशी खाली सही करायचीय हो ताई. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उचलला, उशीर झाला म्हणाल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी बोलवायच्या, यंदा बोलावणं नाही. नाही तर नाही, म्हणून मी घरातच बसले, पण तिळगूळ केला होता हो मी.

‘होय’वर खूण केली. पुढे छापलेलं, काय घडलं ते आपल्या शब्दांत लिहा. लाटणं लिहिलं, शर्ट लिहिला, ट्रॅम्पोलिन लिहिली, पोराला खोटं शिकवलं हेही लिहिलं. रागाच्या भरात एकदा मारलं असं लिहिलं. मग वाटलं, त्याचीही गोष्ट आहे ही, विचारायला नको का? ईशानला पाठवलं. बावीस वर्षांचा आहे आता, महिन्या-दोन महिन्यांतून फोन करतो, त्या दिवशी तासाभरात केला. म्हणाला, आई, यू रोट वन्स. म्हटलं, कोर्टाच्या कागदात तेच आहे रे. म्हणाला, इट वॉझंट वन्स. आणि सांगायला लागला, दूध सांडलं तेव्हा, केसांच्या ब्रशने, गाडीत, आजीचा फोन चालू होता तेव्हा. रागावला नव्हता, वाण्याची यादी वाचावी तसा वाचत होता. आणि देवाशपथ सांगते, मला त्यातलं काही आठवत नव्हतं! लक्षात ठेवण्यासारखं मी काही केलंय हेच मला कधी वाटलं नव्हतं. तो बोलत गेला तसं एकेक दिसायला लागलं, दूध दिसलं, फरशी दिसली, टेबलाखाली सरकलेला तो दिसला.

म्हटलं, लिहू का हे सगळं? मला नोंदणी मिळायची नाही मग, बाळा. कागदावर एकच आहे, विचारणारं कुणी नाही. तो म्हणाला, इट्स युअर फॉर्म, आई. आणि ठेवला फोन.

‘एकदा’ खोडलं. ‘अनेकदा’ लिहिलं, त्याने सांगितलं तसं, ब्रशसकट. पाठवून दिलं.

त्याला अडीच महिने झाले. तिकडून एवढंच आलं की समितीसमोर ठेवतोय, वाट बघा. बघतेय. सकाळी कामावर जाते, म्हाताऱ्यांना भरवते, घरी येऊन चहा करते, एक कप. नोंदणी नाही मिळाली तर नाही मिळाली, हात चालताहेत तोवर भरवीन. पण ईशानचा फोन नाही आलेला. मी केला तर उचलत नाही, मेसेज टाकतो, बिझी, ऑल गुड. मी लिहिते, सुखी राहा, जेवत जा वेळेवर. ज्या हाताने मारलं त्याच हाताने आशीर्वाद लिहायचा, लाज वाटते हो. तरी लिहिते. घ्यायचा की नाही ते त्याचं त्याने ठरवावं.