पहिली पाच काडतुसं

—वय झालं असेल म्हणे! कोणाचं? माझं? बस. त्या स्टुलावर नको, ते माझं स्टूल आहे, तिकडे लाकडी पेटीवर बस, आणि तराजूपासून चार हात लांब, जावईबापू, तुमच्या श्वासानेसुद्धा काटा हलतो. हां. आता बोल. सात काडतुसं उरली होती, ती तू फोडलीस, आतली बंदुकीची दारू काढलीस, मोजलीस, आणि सातही वेगळी निघाली. एकात जास्त, एकात कमी, तिसऱ्यात त्याहून कमी. मग तू ती कागदाच्या पुड्यांत बांधलीस, वर आकडे लिहिलेस, आणि सासऱ्याला दाखवायला चाळीस मैल बर्फातून आलास — की बाबा, तुमचे हात थरथरायला लागले, डोळे गेले. हे बघ. हा हात बघ. हलतोय? नीट बघ. एकतीस वर्षं लाकडाच्या मिलमध्ये करवतींना धार लावली मी, पुरुषभर उंचीची पाती, त्यातला एक दात केसभर वाकला तर लाकडाचा भुसा होतो नुसता. एकतीस वर्षांत एकदाही कुणी खाली येऊन म्हणालं नाही की व्हर्न हॅस्केटचा हात चुकला. आणि तू शाळेत पोरांना पिपाण्या वाजवायला शिकवणार, तू मला सांगणार!

नाही, तराजू खरा होता हे मान्य. कुठून आणलास ते मला नको सांगूस. मी काय म्हणतो, आधी काम कसं होतं ते तरी समजून घे. सात वर्षं फुकट उडवलीस माझी काडतुसं, एकदा तरी विचारलंस? — नाही विचारलंस. पुंगळ्या घ्यायच्या, पितळेच्या, सगळ्या एकाच पेटीतल्या. धुवायच्या, तोंडं एका मापाची कापायची. मागे प्रायमर, ठिणगी देणारी ती टिकली, बसवायचा तो मशीनवर नाही, हाताने, बोटाला कळलं पाहिजे की बसला. मग दारू. एक ठरावीक माप भरायचं, पाच काडतुसं करायची, शंभर यार्डांवर कागद लावायचा, पाच गोळ्या सोडायच्या. मध्ये नळी गार होऊ द्यायची — तुझ्यासारख्याला तेवढाही दम नसतो. मग माप चिमूटभर वाढवायचं, पुन्हा पाच. पुन्हा चिमूट, पुन्हा पाच. प्रत्येक रायफलीला एक माप आवडतं, एकच, ते सापडलं की ती पाचही गोळ्या एकावर एक बसवते. शेजाऱ्याच्या रायफलीला तेच माप घाल, ती कागदभर शिंतोडे उडवेल. म्हणून या खोऱ्यात परक्याने भरलेलं काडतूस कुणी आपल्या रायफलीत घालत नाही. सासऱ्याने भरलेलं मात्र नाकारता येत नाही, काय? टेबलावर डबा ठेवला की ‘थँक यू सर’ म्हणून घ्यावाच लागतो.

तुझ्या बापाची ती टू-सेव्हंटी रायफल — दोन हिवाळे घालवले मी तिच्यावर. नखरेल बाई. पण सापडलं शेवटी. पाच गोळ्या, वरून पोस्टाचं तिकीट चिकटवलं तर पाचही भोकं झाकली गेली. तो कागद आहे माझ्याकडे, वहीत. तुला नाही दाखवला. का दाखवू? रायफल तुझ्या बापाची, माप माझं, तुझं त्यात काय?

काय म्हणालास? मग उरलेली सात अशी का — अरे, डबा पाडला असशील, ओल लागली असेल, पुड्या बांधताना सांडली असेल निम्मी! तू तर सांडण्यात पटाईत. नाही? नाही सांडली. बरं. नाही सांडली.

आणि हे आत्ताच कसं सुचलं रे तुला? शिकारीचे सात सीझन झाले. सात वर्षं ऑक्टोबरात आम्ही वर डोंगरात तंबू टाकतो, सात वर्षं तू घोड्याएवढ्या एल्क हरणावर गोळी झाडतोस आणि एल्क मान वर करून बघतो की हा कोण आवाज करतोय. आणि मग रात्री नॉरिस कात्री काढतो. काय हसतो तो नॉरिस! कॅम्पचा मुख्य असावा तर असा. नेम चुकला की शर्टाचा मागचा पदर कापायचा, वर नाव-तारीख लिहायची आणि स्वयंपाकाच्या तंबूत टांगायचा, हा आमच्या कॅम्पचा नियम माझ्या बापापासूनचा. बाकीच्यांचे कुणाचे एक, कुणाचे दोन. तुझे नऊ! ओळीने! मागच्या वर्षी मी म्हटलं, एल्डनचे आणखी दोन झाले की पडदा होईल. सगळे पोट धरून हसले. तूही हसलास. तेच मला तुझं कळत नाही, तू हसतोस का रे? कोराच सांगत होती, दर सप्टेंबरात ती तुझ्या सामानात एक जुना विटका शर्ट वेगळा बांधून देते. कापायला. बायको नवऱ्याला कापायला शर्ट देते! मला तर ऐकून असं वाटलं, की चला, तिलाही कळतंय आता, हळूहळू कळतंय आपण कोणाच्या गळ्यात माळ घातली ते.

हां, यंदाचा तो नर. ते मला माहीत आहे, मी होतो ना तिथे. जबडा उडाला त्याचा. जबडा लोंबत पळाला. तू दोन दिवस त्याच्या रक्तामागे चाललास, गुडघाभर बर्फात, आणि सापडला नाही. तोंड नाही म्हणजे चरायला नाही, आठवडाभर उपाशी फिरून मेला असेल कुठेतरी. तू तंबूत येऊन रडलास. मोठा बाप्या, गुडघ्यांत डोकं घालून. आणि नॉरिस म्हणाला, पुढच्या वर्षी येऊ नकोस. बरोबरच म्हणाला. जनावर जखमी करून हरवलंस — अशाला आम्ही बरोबर घेत नाही. रायफल विकायला काढलीस म्हणे? काढ. तुझ्या बापाला बरंच वाटेल वर, त्याचंही नाक कापलं जात होतं.

काय — काय म्हणालास? परत म्हण.

‘होतं असं.’ होतं असं! ‘नॉरिसला सांगणार नाही. शनिवारी मी येत जाईन, दारू मी मोजतो, तुम्ही नुसतं बघा.’ तू मोजणार. माझ्या तराजूवर. आणि मी स्टुलावर बसून लाळ पुसत बघणार, काय? आणि वर खांद्यावर हात ठेवतोस. काढ तो हात. काढ म्हणतो ना!

ऐक, पिपाणीमास्तर. हात चुकला म्हणतोस ना? डबा वीस काडतुसांचा. पाच-पाचच्या चार ओळी. पहिली ओळ कुठे उडवायचास तू? सीझनच्या आधी, इथे मागच्या माळावर, रायफलीवरची दुर्बीण जुळवायला. मीच म्हणायचो, पहिल्या ओळीतून घे, क्रमाने घे, माझी शिस्त आहे. आणि कागदावर कशी लागायची? एकावर एक. हो की नाही? सातही वर्षं. म्हाताऱ्याचा हात थरथरतो तो नेमका पाच काडतुसांनंतर थरथरतो का रे? दर वर्षी? बोल की! पहिली पाच खरी. बरोब्बर खरी, तिकिटाखाली झाकली जाणारी. पुढची पंधरा — एकात माप वर, एकात खाली, काहींत गोळी केसभर तिरकी बसवलेली. ते सोपं वाटतं तुला? सरळ भरणं कुणीही शिकेल. वाकडं असं भरायचं की रायफल फुटणार नाही, धोका नाही, आवाज तोच, धक्का तोच, उडवणाऱ्याला तसूभर संशय येणार नाही, आणि तीनशे यार्डांवर एक गोळी वीतभर वर जाईल तर दुसरी वीतभर खाली — हे करून दाखव. या राज्यात दुसरा कुणी करू शकत असेल तर त्याला माझ्यासमोर आण. जीव घेणारं एकही भरलं नाही, तेवढा मी नीच नाही. फक्त तुझी गोळी कुठे लागेल हे तुझ्या हातात ठेवलं नाही.

आणि यातली मेख कळली का? माळावर सगळ्यांसमोर पाच बरोबर लागायच्या. म्हणजे रायफल चांगली, काडतुसं चांगली. मग डोंगरावर चुकते ते कोण? उरलं कोण? तू उरतोस. कुणाला काही सांगावं लागलं नाही मला. तुलाही नाही. तू स्वतःच स्वतःला सांगत होतास, सात वर्षं. रात्री उठून रिकाम्या रायफलीचा चाप दाबत बसायचास सरावाला, मी बघितलंय, झोपेचं सोंग घेऊन. इतकं हसू यायचं!

त्या नराचं — ते तसं व्हायचं नव्हतं. चुकायचं होतं नुसतं. पण झालं. जनावरच ते.

का म्हणून काय विचारतोस? हे स्टूल बघितलंस? हे एकच नव्हतं, दोन होती. माझी कोरा सात वर्षांची असल्यापासून इथे बसायची, माझ्या डाव्या हाताला. प्रायमर ती बसवायची, तिच्या बोटाला माझ्याआधी कळायचं. वही तिची. नेम तर असा, की नॉरिस तिच्याशी पैज लावायचा बंद झाला. आईविना वाढवली मी तिला इथे. आणि मग तू आलास, तुझा तो बँड, तुझे ते पॉलिश केलेले बूट, आणि ती गेली तुझ्या शाळेच्या गावी, कार्यालयात बसते, रायफलीला हात लावत नाही, म्हणते मन लागत नाही आता. तू लावलंस तिला ते! मला वाटलं, एक सीझन, दोन सीझन — बघेल ना ती कधीतरी, की हा माणूस साधा उभा एल्क मारू शकत नाही, ह्याच्यासाठी मी बापाला सोडलं? येईल परत. आपण होऊन येईल. मला बोलायलाही लागायचं नाही.

आता जा, सांग सगळ्यांना. सांग नॉरिसला. काय म्हणेल तो माहितीय? नऊ पदर टांगलेला माणूस, जनावराचा जबडा उडवणारा, आता म्हाताऱ्या सासऱ्यावर ढकलतोय. थुंकेल तुझ्यावर. सात पुड्या घेऊन फिर गावभर. आहे कोण तुझ्या बाजूने? — हसतोस काय? नाही, हसत नाहीयेस, मग काय आहे ते तोंडावर? रडतोस? अरे, मी म्हणतोय तुझं कुणी ऐकणार नाही, आणि तू असा काय — जसं काही मी तुला कुठून तरी सोडवलंय!

काय?

काय म्हणालास? कोणी मोजल्या?

तू नाही? मग — तिने? कोराने फोडली काडतुसं? स्वयंपाकघराच्या टेबलावर? तिला — म्हणजे तिने घेतला हातात तराजू परत? सात वर्षांनी? नाही, थांब, ती मोजते तर चुकणारच नाही... ती काय म्हणाली? आकडे बघून काय म्हणाली ती? नाही, सांग, शब्दाला शब्द सांग.

‘देवा, बाबांचे डोळे गेलेले असू देत.’ असं म्हणाली? दोनदा म्हणाली.

म्हणून तू आल्यापासून वय, डोळे, हात... तू नव्हतास म्हणत. तिने सांगितलं होतं तुला, असं विचार म्हणून. आणि ती कुठे आहे? बाहेर? पिकअपमध्ये? इतका वेळ, या थंडीत?

एल्डन. एल्डन, बाळा, ऐक. बस ना जरा. ह्या स्टुलावर बस, हे घे, बस. तिला काय सांगशील? आपण दोघंच होतो इथे. दिसत नाही मला खरंच, संध्याकाळी तर आकडे पुसट दिसतात, शपथेवर सांगतो. तिला सांग, म्हाताऱ्याला कळतच नाही आता काही. वेडा झालाय म्हण, बरळतो म्हण. शनिवारी ये तू, मोज तू, मी बसतो बाजूला, तू म्हणशील तसं. नॉरिसला मी सांगतो, मी माझ्या तोंडाने सांगतो की माझीच चूक होती. ते पदर मी उतरवतो, सगळे. तेवढं फक्त तिला — सांगशील ना? डोळे गेले म्हणून?

पुड्या का गोळा करतोस? राहू दे ना त्या इथे.

एल्डन! सात वर्षं तर हसत होतास सगळ्याला.

...बरं. जा. जा तर मग. आणि ते दार लावून घे नीट, वारा आत येतो, तराजू हलतो माझा. लाव म्हणतो ना — अरे, तिच्याकडे बघू नकोस असा, तोंडावरूनच कळेल तिला, आधी गाडीत तर बस —