संत्र्याच्या रसाले वरची मंजुरी

नाई, पन मले एक सांगा, संत्र्याचा रस काढाले पोट्ट्यायले शिकवाचं, याच्यासाठी मुंबईत बसलेल्या मानसाची परवानगी काहून लागते? ज्यानं जिंदगीत संत्रं फक्त सोललेलं, फाकी फाकी करून बशीत ठेवलेलं पाह्यलं, थो आमाले लिहिते का "संत्रा या फळाची स्थानिक उपलब्धता सिद्ध करावी." सिद्ध करावी म्हने. अजी, वरूडच्या रस्त्यानं एकदा या, संत्र्याच्या ट्रकामांगं दोन किलोमीटर गाडी चालवा, आंगाले असा वास लागते का घरी बायको इचारते, कुठं गेलते म्हनून. पन नाई. दाखला पायजे. तलाठ्याचा. तीन प्रतीत. गेलो तलाठ्याकडं. थो म्हने, "बाबूजी, संत्रा हाये याचा दाखला द्याचा नमुनाच नाई माह्याजवळ. संत्रा गेला याचा हाये, गारपिटीचा. थो देऊ का?"

तुमी हासून राह्यले. हासा. मी बी पयले हासलो होतो.

तर तुमाले सांगतो, मी चंद्रभान. आमच्या तालुक्याच्या सरकारी कॉलेजात बडे बाबू. बडे म्हनजे काय, छोटे बाबू रिटायर झाले, त्यायची जागा काई भरली नाई, म्हनून उरला थो बडा. सव्वीस वर्षं झाले या खुर्चीवर, अन सव्वीस वर्षांत एकच गोठ शिकलो. कॉलेजात काई करा, झाडू घ्या, कोर्स काढा, कर्ज काढा, वर इचारा लागते. वर इचारलं का वरून पत्र येते. अन पत्र आलं का त्रुटी येते. त्रुटी म्हनजे काय म्हाईत हाये? तुमी जे लिहिलं, त्याच्यात जे लिहिलं नाई, थे. अन जे लिहिलं नाई थे लिहिलं, का म्हनते हे काहून लिहिलं.

आता हा कोर्स काई माह्या डोक्यातून नाई निघाला. मले सांगा, बडे बाबूच्या डोक्यातून कधी काई निघालं हाये का? आमच्या प्रिन्सिपल, प्रमोदिनी मॅडम, अमरावतीच्या, बाप वकील, आजा वकील, मानूस भला पन बोलनं असं का आपून चहा मागतला तरी अर्ज केल्यासारखं वाटते. एक दिवस मले बोलावलं. "चंद्रभान, मला असं वाटतं की आपल्या भागात इतका संत्रा पिकतो, आणि मुलं पुण्याला जाऊन पिझ्झा पोचवतात. आपण संत्रा प्रक्रियेची पदविका का सुरू करू नये?" म्हनलं मॅडम, करू. वर इचारा लागते. "विचारू की. त्यात काय?" त्यात काय! तीन वर्षं होऊन गेले त्या 'त्यात काय'ले. फॉर्म मागवले तं अठ्ठावन्न पोट्ट्या-पोरीयनं भरले. त्याच्यातले दहाबारा तं आता फॉर्म भरून थकले अन कुठं कुठं कामाले लागले.

पन मी खरं सांगतो, मले काई कोर्सचा पुळका नव्हता. माहा जीव अडकला होता नितेशमंधी. नितेश माहा भाचा, माही बहीन पार्वताबाई, तिचा एकुलता एक. एमएस्सी झाला, फळाच्या प्रक्रियेतच झाला, नेट पास झाला, अन नऊ वर्षापासून आमच्या कॉलेजात तासावर शिकवून राह्यला. तासावर म्हनजे जेवढे तास घेतले तेवढे पैसे, दिवाळीत कॉलेज बंद तं पोट बी बंद. आता अशा पोराले पोरगी कोन देते? सहा ठिकानी गेलो आमी. सहाही ठिकानी पोहे आले, पोरगी आली, पोट्टं पसंत आलं, अन मंग पोरीचा बाप घसा खाकरून इचारते, "परमनंट हाये का?" म्हनलं तासावर हाये. "तासावर म्हनजे? सायकल भाड्यानं आनल्यावानी?" झालं. मंग कोनी थांबत नाई अन कोनी पोहे बी पुढं करत नाई.

अन हा कोर्स मंजूर झाला का एक पूर्णवेळ पद मिळनार, नियमातच लिहिलं होतं. अन त्या पदाले लागनारं शिक्षन साऱ्या तालुक्यात एकट्या नितेशजवळ. म्हनून नांदगाव पेठेच्या कापडाच्या फॅक्टरीत त्याले सुपरवायझरची जागा भेटत होती, तवा मीच म्हनलं, "अबे थांब. कोर्स आला का तू परमनंट. मी बसलो हाये ना आफिसात." थे पोट्टं थांबलं. मामानं सांगतलं म्हनून थांबलं.

आता कोर्सले मशीन लागते. संत्र्याचा गर काढाची, पल्पर म्हनते त्याले. मॅडमनं वर लिहिलं, मशीनसाठी निधी द्या. वरून पत्र आलं, "निधी उपलब्ध नाही." बरं. मॅडम म्हनल्या, कर्ज काढू. कॉलेजले कर्ज काढाचं तं वर इचारा लागते. इचारलं. चौदा महिन्यांनी पत्र आलं, "सदर कर्जाची परतफेड कोणत्या उत्पन्नातून करणार?" आमी लिहिलं, कोर्सच्या फीमधून. पत्र आलं, "अभ्यासक्रमास मान्यता नसल्याने फी संभवत नाही, सबब कर्जास परवानगी देता येत नाही." आमी लिहिलं, मंग मान्यता द्या ना बाप्पा. पत्र आलं, "यंत्रसामग्री नसल्याने मान्यता देता येत नाही." हे पत्र वाचून मॅडमनं चष्मा काढला, पुसला, परत लावला अन म्हनल्या, "चंद्रभान, हे लोक आपल्याशी खेळतायत का हो?" म्हनलं, नाई मॅडम. खेळाचं म्हनलं तरी त्यायले वर इचारा लागते.

अन मंग एक दिवस फोन आला, परवा समिती येनार. पाहनी करनार. मशीन पाहनार, मास्तर पाहनार, अन मंग ठरवनार.

आता इथं तुमाले आमच्याकडची एक पद्धत सांगा लागते. समितीचे दिवस आले का आमच्या भागातल्या कॉलेजचं सामान फिराले निघते. अमरावतीचे टेबल अकोल्याले, अकोल्याचे पुस्तकं दर्यापूरले, जिथं समिती तिथं सामान, समिती गेली का टेम्पो पुढं. आमच्या कॉलेजचा एक मानसाचा सांगाडा हाये, जीवशास्त्राचा, त्यानं जिवंतपनी केला नसन एवढा प्रवास केला हाये. सारे करते, साऱ्यायले म्हाईत हाये, समितीतले लोक बी कुठल्या ना कुठल्या कॉलेजचेच असते, त्यायनं बी तेच केलेलं असते. कोनी कोनाले सांगत नाई. सांगनार कोनाले? वरच ना.

तर मी अकोल्याच्या एका कॉलेजात फोन लावला. नाव नाई सांगत, पन तुमाले कळनच. त्यायच्याकडं पल्पर होता. तिथला बाबू म्हने, "नेता का? न्या. पन तुमचा सांगाडा पाठवा, आमच्याकडं बी समिती हाये पुढच्या आठवड्यात." सांगाडा गेला, मशीन आली. मशीनवर हे मोठ्या अक्षरात त्यायच्या कॉलेजचं नाव. शिपायाले म्हनलं निळा रंग आन, मार त्याच्यावर, अन आपलं नाव काढ. थो म्हने, "बाबूजी, वाळाचं नाई." म्हनलं वाळन. सरकारी काम हाये, घाई कोन करते.

अन मास्तरायची यादी. फॉर्मात लिहिलं होतं, "पूर्णवेळ कायम शिक्षक: नावे." आमच्याजवळ कोन? कोनी नाई. पूर्णवेळ मास्तर दाखवला नाई तं कोर्स जाते, कोर्स गेला तं पद जाते. मॅडम म्हनल्या, "नितेशचं नाव टाका. दाखवायला काय जातंय? मान्यता आली की तो होणारच आहे." मले बी पटलं. मीच टाइप केलं. माह्याच हातानं. "श्री. नितेश, पूर्णवेळ, कायम." अन टाइप करताना मले इतकं बरं वाटलं का मी थे दोनदा वाचलं.

आली समिती. गाडीतून तिघं उतरले. अन अध्यक्ष कोन? अकोल्याच्या त्याच कॉलेजचे प्रिन्सिपल. मशीनचे मालक! थे सरळ मशीनजवळ गेले, चारही बाजूनं फिरले, आपल्या लेकीले सासरी पाहावं तसं पाह्यलं, अन प्रेमानं तिच्यावर हात ठेवला. पूर्न पंजा. रंग वाळला नव्हता, हात निळा झाला. थ्यायनं हाताकडं पाह्यलं. माह्याकडं पाह्यलं. अन बाकी दोघायले म्हनले, "यंत्र उत्तम स्थितीत आहे. लिहा." अन जाता जाता माह्या कानाजवळ, "मंगळवारपर्यंत परत पाठवा. अन धुवून पाठवा."

पन त्यायच्यात एक बाई होत्या, मुंबईहून आलेल्या. थ्या म्हनल्या, "चालवून दाखवता का?" झालं, म्हनलं, मेलो. तवा नितेश पुढं झाला. दोन क्रेट संत्रे सोलून ठेवले होते त्यानं सकाळीच. मशीन लावली, अन बोलाले लागला. बी चिरडली का रस कडू होते, म्हनून जाळी कितीची पायजे, आपल्या संत्र्याचा रस ठेवला का दोन तासात कडू काहून लागते, अन थो कडूपना कसा रोखाचा, सारं असं सोपं करून सांगतलं का दाराशी आमचा शिपाई बी उभा राहून ऐकून राह्यला होता. बाईनं दोन गिलास रस पेला अन म्हनल्या, "असा शिक्षक तुम्हाला मिळाला, भाग्यवान आहात." मॅडम म्हनल्या, "हो ना, कायम आहे आमच्याकडे." मी खरं सांगतो, त्या पोराचा मले इतका अभिमान वाटला का माहे डोये भरून आले. म्हनलं, आता यानं परमनंट व्हावं, बस, मंग मले रिटायर करा नाईतर काई करा.

अध्यक्षसाहेबानं अहवालावर सही केली. निळा आंगठा उमटला कागदावर.

अन मागच्या महिन्यात वरून पत्र आलं. मॅडमनं मोठ्यानं वाचलं. "उपरोक्त अभ्यासक्रमास मान्यता देण्यात येत आहे." मी टेबलावर हात मारला. नितेश दारात उभा होता, त्याले म्हनलं, पार्वताबाईले फोन लाव. मॅडम म्हनल्या, "थांबा, पुढे आहे." पुढं होतं, "यंत्रसामग्री आधीच उपलब्ध असल्याने निधीची, तसेच कर्जाची आवश्यकता राहत नाही." बरं, मशीन तं अकोल्याले गेली, पन ठीक हाये, पाहू. "पूर्णवेळ कायम शिक्षक आधीच कार्यरत असल्याने नवीन पद मंजूर करण्याचा प्रश्न उद्भवत नाही." मॅडम थांबल्या. म्हनलं वाचा. "तसेच सदर शिक्षक श्री. नितेश हे कायम असूनही त्यांना तासिका तत्त्वावर मानधन अदा होत असल्याचे निदर्शनास आले आहे. ही बाब गंभीर असून सदर मानधन तत्काळ बंद करावे."

तासाचे पैसे बी गेले. सव्वीस वर्षं वरचे पत्र वाचून राह्यलो, पन सारे नियम बरोबर पाळून कोनाचा गळा इतका नेमका कापलेला मी पाह्यला नव्हता. अन मशीन, कायम मास्तर, तासाचं बिल, तीनही गोठी माह्याच टाइपिंगच्या. त्यायनं काई खोटं नाई केलं. आमी जे लिहिलं, थे त्यायनं पयल्यांदा खरं मानलं.

आता तुमी म्हनान, खरं सांगून टाका. काय सांगू? नितेश कायम नाई म्हनलं तं मान्यता जाते. मशीन नाई म्हनलं तं अकोल्याचं बी जाते, अन त्यायच्या कागदावर आमचा सांगाडा हाये. चोर चोराले कसं धरन? मॅडमनं पत्र लिहिलं वर, मोठं, तीन पानाचं. त्याच्यावर त्रुटी आली हाये. काय त्रुटी, थे दुसऱ्या पत्रानं कळवनार हाये.

अन नितेश? त्यानं पत्र वाचलं, घडी केली, अन म्हने, "मामा, सोमवारपासून बॅच लावतो. त्या पोट्ट्यायनं तीन वर्षं वाट पाह्यली." म्हनलं, अबे फुकट? थो खडूचा डबा शोधाले लागला. मले त्यावक्ती माह्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. नांदगाव पेठेची जागा मीच घालवली ना त्याची.

पन ऐका, संपलं नाई. कॉलेजच्या वेबसाइटवर मास्तरायची यादी असते, थ्या यादीत आता नितेश आला. कायम. अन परवा मले वरूडहून फोन, त्या सहाजनांपैकीच एक पोरीचा बाप. "काय जी बाबू, पोरगा परमनंट झाला म्हनते? आमी तयार हावो." मी मामा हाये, कोनाच्या पोरीले फसवनार नाई. मी सारं खरं सांगतलं. अगदी सुरुवातीपासून. मशीन, यादी, पत्र. म्हनलं, कागदावर परमनंट हाये, पन पगार नाई. एक रुपया नाई.

मले वाटलं, आता थो फोन ठेवन.

मंग थो म्हने, "पगाराचं काई नाई जी. आमच्या भावाचा जावई बारा वर्षापासून बिनपगारी शाळेत हाये, त्याले दोन लेकरं झाले. तुमी इतकंच सांगा, परमनंट तं हाये ना?"

काय सांगू? म्हनलं, हौ. त्यात काई त्रुटी नाई.