पासवर्डचं कुलूप आणि अनुपमाताई

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय तात्याबा, खुटबावच्या दूध संघाचे चेअरमन पोपटराव, व्यासपीठावरील मान्यवर आणि सकाळची धार उरकून आलेल्या न्हावरे गावच्या माझ्या दूध उत्पादक बंधू-भगिनींनो,

आपल्या संघाच्या कॉम्प्युटर इंजिनिअर अनुपमाताई आज आपला निरोप घेत आहेत. म्हंजी, आपण देतोय. त्यांना कुठं घ्यायचाय? असो. ताई, मान वर करा, फोटो काढतायत.

संघाचं अ‍ॅप करायचं ठरलं तवा ताई म्हणाल्या, "आप्पा, बाकीचा कोड आपण लिहू. पासवर्डचा तेवढा नको. जगानं तपासलेला तयार कोड मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. फुकट हाय." मी आपल्या संघाचा चेअरमन माणूस! मी म्हणालो, परक्यानं केलेलं कुलूप आपल्या दाराला? मग आमचा पुतण्या सत्यजीत काय गवत उपटतोय?

सत्यजीतनं झटक्यात कुलूप लिहिलं. कुणीतरी ते तितक्याच झटक्यात उघडलं. एका सकाळी बघतो तर अ‍ॅपमधल्या सगळ्या म्हशींच्या गाई झालेल्या! म्हशीच्या दुधाला गाईचा भाव! नकुशीबाई, तुम्ही तर पायातलं हातात घेऊन आला होता. हसू नका, खरं हाय.

अशा वेळी चेअरमननं काय करावं? मी ताईंना पुढं केलं. त्या म्हणाल्या, "आप्पा, मी सांगितलं होतं." अहो, सांगितलं होतं, पण हळू! धोका ठाऊक होता तर आडवं पडायचं होतं. न्हाई पडल्या. मग चूक कुणाची?

तरी ताईंचा मोठेपणा बघा. शिव्या खात खात त्यांनीच ती लायब्ररी बसवली. तवापासून एक तक्रार न्हाई. या कामगिरीबद्दल सत्यजीतला आपण बढती दिलीच हाय. वाजवा की टाळ्या!

ताईंना पोपटराव त्यांच्या संघात घेणार होते. शेजारधर्म म्हणून मी परवा सगळं त्यांच्या कानावर घातलं. पोपटराव समजूतदार माणूस, लगेच म्हणाले, जागा भरली. अरेच्चा, ताई, तुम्हाला अजून कळवलं न्हाई व्हय? पाणी द्या रे त्यांना.

आपण सर्व आलात, मनापासून आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर उदार मनानं पोटात घाला. आन् कुणाला न्हाईच घालता आलं, तर संध्याकाळपर्यंत ताई कामावर हायत. तक्रार त्यांच्याकडं न्या.