विहिरीवरच्या म्हातारीचा दम

आई: मग ह्या योद्ध्याच्या डोक्यावरची ही पिवळी पट्टी कसली?

धाकटा: दमाची. तांबडी जिवाची, निळी जादूची, पिवळी दमाची. योद्धा धावला की पिवळी उतरते, बसला की भरते. आई, हे जेवताना सांगितलं असतं गं. संध्याकाळपर्यंत गेम कंपनीला द्यायचाय.

आई: जेवायला तू ताट इथे मागवतोस. तिकडे कुणाला सांगणार होतास, भिंतीला? मी काय सांगायला आले ते आधी ऐक. सकाळी तुझ्या बाबांना—

धाकटा: बाबांचं रविवारी बोलू म्हटलं ना.

आई: तुझा रविवार कुठल्या महिन्यात उगवतो ते एकदा कळू दे. ही कोण रे? विहिरीवर बसलेली?

धाकटा: ती म्हातारी. जखमी माणूस तिच्याकडे येतो. ती कपाळावर हात ठेवते, की तो ठणठणीत.

आई: बाह्या माझ्यासारख्याच वर सारल्यात. आणि काय पुटपुटते?

धाकटा: ‘ऊठ, मेलास का?’

आई: मेल्या, हे तर माझं!

धाकटा: सगळ्यांत तीच आवडते लोकांना.

आई: न आवडायला काय झालं, फुकट आहे. हिच्या डोक्यावर ती पिवळी पट्टी कशी दिसत नाही?

धाकटा: तिला नाही ठेवली.

आई: घोड्याला?

धाकटा: आहे.

आई: त्या कुत्र्याला?

धाकटा: कुत्र्यालाही आहे.

आई: मग हिनंच काय घोडं मारलंय?

धाकटा: सुचलंच नाही, आई.

आई: बरोबर. बघितलंच नाही, तर सुचणार कुठून?

धाकटा: तसं नाही गं...

आई: सकाळी तुझे बाबा माझ्या हातातून निसटले. माझा खांदाच वर जाईना. न्हाणीघराच्या दारात दोघंही आडवे. तुला हाका मारल्या.

धाकटा: कानाला हेडफोन होते.

आई: असणारच. त्यांचं अर्धं अंग गेलंय, जीभ नाही गेली. मला म्हणतात, ‘ऊठ, मेलीस का?’ आणि वर हसलेही. मग मी उठले. कशी उठले ते माझं मला माहीत. आता एकटीला नाही उचलवत रे. सकाळी एकदा नि रात्री एकदा तू ये. एवढंच मागते.

धाकटा: थांब. आधी हिला पट्टी देतो.

आई: मी काय बोलतेय, तू काय करतोयस?

धाकटा: बघ तर. दिली. आता चालवतो.

(दोघं पडद्याकडे बघत राहतात.)

आई: हे काय, सगळे आडवे झाले की!

धाकटा: दुसऱ्या किल्ल्यातच मेले. म्हातारी दमली, मागचे जखमी रांगेत बसूनच संपले.

आई: तिची पट्टी भरत का नाही?

धाकटा: बसली की भरते. पण बसायला मिळतच नाही तिला. येणारे येतच राहतात.

आई: मग दुसरं कुणी बसव की तिच्या जोडीला.

धाकटा: मग किल्ले, राक्षस, सगळंच नव्यानं मांडावं लागेल. अख्खा गेम तिच्यावर तोललाय, आई. मला आत्ता कळतंय. महिने जातील त्यात.

आई: आणि तुला संध्याकाळी द्यायचाय.

धाकटा: हो.

आई: मग काढ ती पट्टी.

धाकटा: आई...

आई: काढ म्हणते ना. तिच्या एकटीच्या दमापायी एवढ्या शूरांचा खोळंबा नको.

धाकटा: हा गेम एकदा हातावेगळा होऊ दे, मग बाबांना मीच—

आई: मागच्या गेमलाही हेच बोलला होतास. तेव्हा माझा खांदा शाबूत होता, म्हणून निभावलं.

धाकटा: ...काढली.

आई: बघू. हं, उठले सगळे. कसे उधळलेत बघ! मागे वळून तरी बघतोय का एखादा तिच्याकडे?

धाकटा: आई, बाबा हाक मारतायत.

आई: ऐकू आलं तुला?

धाकटा: आलं.

आई: बस तू. मी जाते. दार ओढून घेते, म्हणजे इथवर आवाज येणार नाही.