या नावाचं इथं कोणी राहत नाही

हॅलो?… हो, मोहित्यांचंच घर, छाणी. कोण हवंय?… भक्ती?… अरे मुकुंद! लॅबमधला मुकुंद ना? मीच रे, मीच भक्ती… तीन वर्षांत कुणी या नावानं हाक मारली नाही, माझं मलाच ओळखू येईना.

मी? मजामां, अगदी मजेत… लाटा? प्लाझ्मातल्या कुठल्या आता! लाटते ना, रोज तीस पोळ्या. हसू नकोस.

काय?… पुन्हा सांग… पेपर निघतोय? प्लाझ्मातल्या त्या वीजप्रवाहाच्या पातळ थराचा? थरात लाटा उठतात, माजतात आणि थर फाटतो… सर कबूल झाले? अरे, मला म्हणाले होते, 'बेन, ही वायरची खडखड आहे.' महिनाभर दोन प्रोब, मोजणीच्या त्या सळया, शेजारी लावून बसले होते मी. दुसऱ्या प्रोबला तीच हालचाल जराशी उशिरा पोचायची. खडखड जागच्या जागी असते, चालत जाते ती लाट… हो, हो… पेपरात माझंच वाक्य? जसंच्या तसं?

मग माझं नाव कितवं?… मुकुंद?… आभारात? चहावाल्याच्या शेजारी?

सही नाही म्हणून? कसली सही?… लेखकाच्या संमतीची? नाही रे, एकही पत्र नाही आलं. दोन्ही परत?… काय शेरा आहे?… 'या नावाचं इथं कोणी राहत नाही.'

हं… अरे, ऐक ना. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. इथं मी सुनेत्रा. यांनीच ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता सासूबाईंना माझं माहेरचं नाव कुठलं आठवायला? टपालवाल्याला सांगून टाकलं असेल. त्यांचा काय दोष…

इंग्लिशमध्ये लिहिलंय?… सासूबाईंना इंग्लिश येत नाही… खाली सही? कशी आहे?… 'पी'चं शेपूट पार खालपर्यंत ओढलंय?… दोन्ही पाकिटांवर?

ओळखते. आमच्या यांची.

नाही, रडत नाहीये, संतापलेय. यांना माहीत होतं रे! साखरपुड्यात हेच पाहुण्यांना सांगत होते, 'आमची भक्ती सायंटिस्ट होणार.' मिरवायला हवी होती भक्ती. पत्र आलं तेव्हा मेली.

फॅक्स पाचला जाणार?… मग घाल ना माझं नाव! सरांना म्हणावं, उद्या पहिल्या गाडीनं येऊन सही करते… कुठलं नाव म्हणजे? अरे… थांब, यांच्या कामावरची नंदेसरीची बस आली वाटतं. हेच आले. नाही, नाही, तू ठेवू नकोस!

अहो, घ्या हा फोन. लॅबमधून आहे, भक्ती जगतापची चौकशी करतायत. पाकिटावर लिहिलंत ते तोंडानं सांगा… अहो, फोन कापू नका, हात काढा! मुकुंद, लिहून घे, सुनेत्रा नाही, भक्ती… भक्ती जग—