हिरवा फोटो, करडं आकाश

सूर्य उगवतच नाही अशा डिसेंबरातल्या काळोख्या दुपारी, दूर उत्तरेतल्या त्रोम्सो शहराच्या बसथांब्यावरून ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा मला करडा दिसत होता; फिका असला की नुसत्या डोळ्यांना तो असाच दिसतो, हिरवा रंग फक्त कॅमेऱ्यात उतरतो. रांगेत माझ्यापुढे एक आजी-आजोबा उभे होते; आजींच्या फोनमध्ये मात्र तोच पट्टा गर्द हिरवा होता.

"ओडवार, बघ कसला हिरवागार!"

"कुठे हिरवा? धुरासारखा करडा आहे, गुनवोर."

"हा फोटो बघ."

"फोटोत आहे हिरवा. वर नाही."

"मोतीबिंदू, दुसरं काय! उन्हाळ्यापासून डॉक्टरांकडे चल म्हणतेय. गाडी गॅरेजच्या दाराला ठोकलीस, तरी ऐकत नाहीस. म्हणून तर थंडीत बसची वाट बघतोय."

"दार अरुंद आहे ते."

"इतकी वर्षं नव्हतं का अरुंद?"

"फोनमधून डोकं काढ आणि वर बघ. सांग रंग."

"हिर... थांब, चष्मा पुसते."

"पुसलास?"

"करडाच आहे रे! असं कसं?"

"फोन बिघडलाय?"

"नवा आहे तो."

"म्हणजे तुझेही डोळे गेले?"

"मला तर काहीच कळेना."

"मलाही. पण एकट्याला जायचा धीर होत नव्हता बघ. उद्या डॉक्टरांना फोन कर आणि दोघांची वेळ घे."