सोळा मजल्यांची ढोली

...आता तुमीच सांगा, ढोलीले खिडक्या असतात का? कोनी पाह्यल्या का जन्मात? धान भरायची बांबूची ढोली, तिले एक भोक राह्यलं तं सारं धान भुईवर, अन् मंग गाव शिव्या कोनाले देते? उंदराले नाई, बुरुडाले! पन्नास वर्स भोक राहू नये म्हनून मी डोळे फोडले, माह्या बापानं बोटावर कोयत्याची मूठ हानून हानून शिकवलं, म्हने, पोचू, आतून उजेड दिसला तं ढोली वाया गेली... अन् या म्हातारपनी एक साहेब येते अन् म्हनते, बाबा, तीनशे वीस भोकं ठेवा. पन मानूस हुशार, तुमाले सांगतो. त्याले तोड नाई.

टिपनीस साहेब त्याचं नाव. मुंबईचा. घरायचे नकाशे काढते, धंदाच तो. आमच्या इकडे घराले नकाशा लागत नाई, चार जन उभे राहते, एक म्हनते दार इकडे, दुसरा म्हनते तिकडे, तिसरा तंबाखू मागते, अन् घर उभं होते. तं तिकडे मुंबईत काही शेठ लोक हॉटेल बांधून राह्यले होते. हॉटेल म्हनजे चहाचं नाई बाप्पा, मले बी आधी तेच वाटलं, कुरखेड्याच्या बाजारातलं, एक बाकडं अन् एक कढई... नाई. झोपायचं हॉटेल. एकावर एक सोळा मजले! सागावर साग उभा केला तरी शेंडा पुरनार नाई. शेठ म्हनले, इंग्रज गेला, आता त्याच्या पेट्यावानी इमारती नको, आपल्या देशाचं काहीतरी दिसू द्या. चार जनायले नमुने कराले लावले, ज्याचा आवडन त्याचं हॉटेल. बाकी तिघायनं कोनी देवळाचा कळस धरला, कोनी हत्ती धरला. हा बी मार्कंड्याचं देऊळ पाहाले निंगाला होता, आमच्या गावात जीप तापली, पानी टाकाले थांबला... अन् माह्या आंगनातली ढोली पाहून तिथीच रुतला.

तीन येढे मारले ढोलीभोवती. आमची घरवाली गुनाबाई दारातून म्हने, "अवो, हा मोजनीवाला तं नाई? ढोलीले पट्टी लावून राह्यला." मी हात जोडून उभा. अन् साहेब इचारते काय? खाली बारीक अन् पोटात मोठी काऊन? मी म्हटलं, उंदीर चढत नाई. बाहेरून शेनामातीचं लिंपन कायले? म्हटलं, उन्हाळ्यात आत थंड राहते, पावसात ओल धरत नाई. लिहून घेतलं त्यानं! मी बोललो ते कागदावर लिहनारा तो पैला मानूस. मंग तिथीच मातीत बसला, धुतल्या पाटलोनीनं, अन् भरभर काढली... माहीच ढोली, पन आभाळाले टेकलेली, पोटाभोवती सोळा कडे, कड्याकड्याले खिडक्या, खाली मुंगीएवढे मानसं. मी पाहतच राह्यलो. ज्यात आपन धान ठेवतो त्यात हा मानसं ठेवनार! मानूस हुशार, त्याले तोड नाई.

मले म्हने, "बाबा, याचा पुरुषभर उंच नमुना विणून द्या. नवव्या दिवशी गाडी पाठवतो. शेठना कागद दाखवून उपयोग नाही, तुमचा हात दिसला पाहिजे."

माहा हात! मुंबईले! तुमाले सांगतो, त्या आठ दिवसांत मी धड जेवलो नाई. कामट्या अशा तासल्या, जशा गवताच्या काड्या. अन् खिडकी ठेवाची म्हनजे काय गंमत हाय? बोटं आयकतच नाई, सवयीनं बुजवतातच, दोन ओळी विनाव्या, एक उसवावी, दोन विनाव्या... भैयाजी, आमचा शेजारी, वीस एकर धानाचा धनी, रोज दातात काडी घालून याचा. "पोचू, हे ढोली हाय का चाळनी? शेठ आत बसन तं खाली सांडन ना गा." सारे हासाचे. मी म्हटलं हासू द्या. एकच आस होती, मुंबईनं ह्या तीनशे वीस खिडक्या पाहाव्या अन् म्हनावं, कोन्या बुरुडानं विनल्या बाप्पा.

नववा दिवस उजाडला. उचलाले दांडे लागन म्हनून मी जंगलात गेलो बांबू तोडाले. गेलो तो गेलो, गेलो नसतो तं... दांडे घेऊन आलो, तं आंगनात साहेबानं धाडलेली गफ्फार डायव्हरची जीप उभी, अन् ढोली... ढोली लिंपलेली! शेंड्यापासून बुडापर्यंत, शेनामातीनं, गुळगुळीत, हात फिरवावा असं वाटन इतकं सुंदर. खिडकी एक नाई. तीनशे वीसच्या तीनशे वीस बंद! पोटात पाच पायली धान भरलेलं, अन् धान काढाच्या खालच्या भोकात चिंधीचा बोळा. गुनाबाई हात धुऊन राह्यली. आमच्यात रीतच हाय ना, नवी ढोली उघडी जात नाई अन् रिकामी जात नाई, घराची बरकत जाते. मी म्हटलं, अवं हे काय केलं? तं शांतपनानं म्हनते, "अवो, लेक सासरी उघडी धाडता का?"

मी खरवडाले लागलो तं गफ्फार म्हने, "चाचा, वडसा टेसन पे रेल छूट जाएगी." बांधली अन् गेला घेऊन. तोच पुढं मुंबईपर्यंत संगं जानार होता. बारा दिवस मी वाटेकडे पाहू नाई शकलो. साहेबाचं हॉटेल बुडालं, एवढा हुशार मानूस, अन् माह्या घरच्या शेनात बुडाला, हेच डोक्यात.

तेराव्या दिवशी गफ्फार आला. मी आपला खांबामांगं. त्यानं बसून सांगितलं, मोठा दिवानखाना, खाली गालिचा, तीन नमुने पुठ्ठ्याचे, रंगवलेले, अन् चौथी आपली ढोली. साहेबाचं तोंड पांढरं. मंग सगळ्यात म्हातारा शेठ उठला, ढोलीले हात लावला, नाक लावलं, अन् डोळे मिटून उभाच राह्यला. म्हने, "आमच्या गावच्या घराचा वास आहे हा." तेवढ्यात रेल्वेत हलून सैल झालेला बोळा सुटला, अन् सारं धान धो धो गालिच्यावर! गफ्फार म्हने मी तं दाराकडे पळालो. पन शेठ खाली बसला, धान ओंजळीत घेतलं, म्हने, जे घर भरलेलं येते तेच माहं. अन् साहेब? घाबरला का? लेखनीच्या टोकानं नवव्या मजल्यावरची एक खिडकी कोरली, शेठले म्हने डोळा लावा. शेठनं लावला. म्हने, आत थंडावा दिसतो. तं साहेब म्हने, म्हनूनच उन्हाकडची बाजू मी सारी बंद ठेवनार! जागच्या जागी, तुमाले सांगतो! मानूस हुशार, त्याले तोड नाई.

हॉटेल आपलं झालं. मी डोळे पुसले, हळूच इचारलं, गफ्फारभाई, खिडक्यायचं काय म्हनले?

"खिडकी तो चाचा, वो एक छोडके किसी ने देखीच नहीं."

साहेबाची चिठ्ठी बी आनली होती, त्यानंच वाचली. मले नमस्कार. अन् मंग खाली सारं गुनाबाईले! माती किती, शेन किती, भुसा किती, सोळा मजले बाहेरून अगदी तसेच दिसले पाहिजेत, तवा बाईंनी लिंपनाचे निरनिराळे बारा नमुने फळीवर करून धाडावे. बाई खाटेवर बसल्या, पदर सावरला. म्हने, गाईगाईच्या शेनाचा रंग येगळा असते, चरते तसं शेन पडते, बारा घरच्या बारा गाईचं लागन, अन् ताजं लागन.

तवा गेल्या आठ दिवसांपासून मी गावच्या गाईमांगं टोपलं घेऊन हिंडून राह्यलो. आज भैयाजीच्या कपिली गाईची पाळी हाय. मुंबईले घाई हाय, साहेबाले घाई हाय, घरी बाई माती कालवून बसली हाय... पन गाईले काय घाई? ती आपली रवंथ करते, अन् मी मांगं उभा राहतो.